पडवीत शिलाई मशीन, नोटिशीत दुकान

वाचकाचं पत्र, थोडक्यात : कोकणातल्या एका नगरपरिषदेच्या हद्दीत आमचं जुनं चिऱ्याचं कौलारू घर आहे. मी ठाण्याला नोकरी करतो. घरी आई आणि भावजय असतात. वडील सैन्यातून निवृत्त झाले होते, सहा वर्षांपूर्वी गेले. दोन महिन्यांपूर्वी सर्वेक्षणाची दोन मुलं आली, लेझरने मोजमाप केलं, फोटो काढले, टॅबवर आईची सही घेतली आणि गेली. आता विशेष नोटीस आली आहे. घर 78 चौरस मीटरचं 136 झालं, सगळं ‘आरसीसी’ लागलं आणि पडवी ‘वाणिज्य’ झाली, कारण तिथे भावजयीचं शिलाई मशीन आहे. ती आठवड्याला दोन-चार ब्लाउज शिवते, एवढंच. करपात्र मूल्य 4,200 वरून 21,125 वर गेलं. शेजारी म्हणतात, ‘तुम्ही आत घेतलंत हीच चूक. फाटकाला कुलूप घालायचं होतं.’ पुढच्या वेळी आत येऊ देऊ नये का? आईने सही केली, मग आता काही करता येईल का? मागची स्लॅबची खोली दहा वर्षांपूर्वी बांधली, तिची परवानगी सापडत नाही. हरकत घेतली तर तेच प्रकरण बाहेर येईल, ही धास्ती आहे. नोटीस मिळून 12 दिवस झाले. मुदत 30 दिवसांची आहे.

नमस्कार,

आधी सही. टॅबवरची सही म्हणजे ‘पाहणी झाली’ याची पोच. आईंनी कर कबूल केला असा तिचा अर्थ होत नाही. विशेष नोटीस पाठवतात तीच हरकत ऐकून घेण्यासाठी. तेव्हा आईंना कोणी बोल लावू नका, आणि त्यांनाही मनाला लावून घेऊ देऊ नका. तुमच्या हातात अजून 18 दिवस आहेत आणि ते पुरेसे आहेत.

आता त्या 136 चौरस मीटरकडे या, कारण तुमचा सगळ्यात जास्त राग त्याच आकड्यावर दिसतो. पत्रासोबत तुम्ही स्वतः मापं पाठवली आहेत. मूळ घर 10 बाय 7.8 मीटर, म्हणजे 78. मागची खोली 5 बाय 4, म्हणजे 20. पुढची पडवी 10 बाय 1.8, म्हणजे 18. बाजूची पत्र्याची शेड, पूर्वीचा गोठा, 5 बाय 4, म्हणजे आणखी 20. बेरीज करून बघा, 136 च येते. त्या मुलांनी क्षेत्रफळ फुगवलेलं नाही. जुन्या नोंदीत फक्त मूळ घर होतं, बाकीचं कधी चढलंच नव्हतं. ‘78 चे 136 कसे झाले’ एवढाच मुद्दा घेऊन सुनावणीला गेलात, तर समोरचा अधिकारी नकाशा पुढे ठेवील आणि पाच मिनिटांत तुमची हरकत निकालात निघेल. खरी चूक शेजारच्या दोन रकान्यांत आहे. एक ‘बांधकामाचा प्रकार’, दुसरा ‘वापर’.

पाहणीला आलेला माणूस कर ठरवत नाही. तो चार-पाच गोष्टी टिपतो : क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर, बांधकामाचं वय, आणि मालक राहतो की भाडेकरू. दर कार्यालयात ठरलेला असतो. विभागवार, प्रकारवार, दर चौरस मीटरला दरमहा किती, असं त्याचं पत्रक असतं. क्षेत्रफळाला त्या दराने आणि 12 महिन्यांनी गुणलं की वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा केले की करपात्र मूल्य. त्यावर एकत्रित मालमत्ता कर, वृक्ष कर, शिक्षण कर वगैरे टक्केवारीने बसतात. म्हणून करपात्र मूल्यातली चूक खालच्या प्रत्येक ओळीत उतरते.

तुमच्या नोटिशीच्या मागे छापलेले दर लावून पाहू. निवासी आरसीसी 12 रुपये, निवासी कौलारू 7, पत्रा शेड 4, वाणिज्य आरसीसी 30. नगरपरिषदेने 118 चौरस मीटर निवासी आरसीसी धरले : 118 × 12 × 12 = 16,992. पडवी वाणिज्य : 18 × 30 × 12 = 6,480. एकूण 23,472, वजा 10 टक्के, म्हणजे 21,125. नोटिशीतला आकडा तंतोतंत हाच. आता जसं आहे तसं मांडा. मूळ घर कौलारू : 78 × 7 × 12 = 6,552. मागची खोली आरसीसी : 20 × 12 × 12 = 2,880. पडवी त्याच कौलाखालची, निवासी : 18 × 7 × 12 = 1,512. शेड पत्र्याची : 20 × 4 × 12 = 960. एकूण 11,904, वजा 10 टक्के, म्हणजे 10,714. निम्म्याला थोडं जास्त. जुन्या 4,200 वर मात्र हे परत जाणार नाही, ती आशा सोडा. मधल्या काळात दर बदलले आहेत, आणि तीन बांधकामं नव्याने नोंदीत आली आहेत.

(इतर वाचकांसाठी : हे दर या एका नोटिशीतले आहेत. प्रत्येक नगरपरिषदेचे, आणि तिच्यातल्या प्रत्येक विभागाचेही, वेगळे असतात. हिशेबाची रीत घ्या, आकडे आपल्या नोटिशीतले घाला.)

सगळं घर आरसीसी कसं झालं असेल? मुलं मागून गेली असतील, स्लॅब दिसला असेल, आणि प्रपत्रात संपूर्ण मालमत्तेला एकच प्रकार निवडला असेल. भाग पाडून नोंद करणं वेळखाऊ असतं. दिवसाला अमुक इतकी घरं करायची असली की ते पहिलं टळतं. त्या वेळी सोबत कोणी असतं आणि ‘पुढचं कौलारू आहे, हे एवढंच स्लॅबचं’ असं बोललं असतं, तर चूक बहुधा जागेवरच सुधारली असती. तुमच्या पत्रावरून दिसतं की आई ओसरीवर बसून राहिल्या आणि मुलं एकटीच घराभोवती फिरली.

म्हणून शेजाऱ्यांचा कुलपाचा सल्ला मला अजिबात पटत नाही. करआकारणीसाठी मालमत्तेत येऊन पाहणी आणि मोजमाप करण्याचा अधिकार पालिकांना कायद्यानेच दिला आहे. कुलूप घातलं म्हणून आकारणी थांबत नाही, ती अंदाजाने होते. आणि अंदाज कसा होतो ते बघा. ड्रोनच्या किंवा उपग्रहाच्या चित्रात भिंती दिसत नाहीत, दिसतं ते छप्पर. कोकणातल्या घराची वळचण पावसासाठी चांगली दोन फूट बाहेर काढलेली असते. तुमचं घर आणि पडवी मिळून 10 बाय 9.6 मीटर, म्हणजे 96 चौरस मीटर. चारही बाजूंनी 60 सेंटिमीटर वळचण धरली तर वरून ते 11.2 बाय 10.8 दिसतं, म्हणजे जवळजवळ 121. पंचवीस चौरस मीटर नुसते पागोळ्यांचे! फाटक बंद ठेवणाऱ्याला ही भर आपोआप मिळते. मुंबईकरांची गावाकडची वर्षभर बंद घरं याच प्रकाराला सर्वाधिक बळी पडतात. सर्वेक्षण चालू असल्याचं कळलं तर किल्ली शेजारी ठेवा आणि मापं लिहिलेला कागद त्यांच्याकडे देऊन ठेवा.

याचा अर्थ कोणीही यावं आणि घरभर हिंडावं असा नाही. सर्वेक्षणाचं काम बहुतेक ठिकाणी खासगी एजन्सीला दिलेलं असतं. त्या मुलांना स्वतःचा असा काही अधिकार नाही, ते नगरपरिषदेच्या वतीने येतात. म्हणून दारातच ओळखपत्र आणि मुख्याधिकाऱ्यांचं प्राधिकारपत्र मागायचं. त्यात कुरकूर केली तर कार्यालयात फोन लावून खात्री करायची. येण्याची वेळ दिवसाउजेडीची. घरात एकट्या बायका असतील, कोणी आजारी असेल, सोवळं-ओवळं असेल, तर ‘उद्या दहा वाजता या, घरचं माणूस हजर असेल’ असं सांगणं म्हणजे अडवणूक नव्हे. खोल्या मोजायला त्यांना कपाटं उघडावी लागत नाहीत. मालकाचं नाव, मोबाइल नंबर, जुनी करपावती, वीजबिल एवढं दाखवणं समजण्यासारखं आहे. बँकेचा तपशील किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी कोणालाही द्यायचा नाही. आणि टॅबवर सही करण्याआधी पडदा स्वतःकडे वळवून चार रकाने वाचायचे, जमलं तर त्याचा फोटो काढायचा. नोंद चुकीची वाटली आणि तो बदलायला तयार नसेल, तर सही करायची नाही, आणि त्याच दिवशी कार्यालयात दोन ओळींचा अर्ज द्यायचा.

‘पाचशे दिले असते तर पडवी सुटली असती’ हेही कोणी तरी म्हटल्याचं तुम्ही लिहिलं आहे. नको. त्या मुलाच्या हातात शेवटचा निर्णय नाही, फोटो सर्व्हरवर जातात, आणि चार वर्षांनी फेरआकारणीत तीच पडवी पुन्हा समोर येते. कोणी पैसे मागितलेच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा टोल फ्री क्रमांक आहे.

आता मशीनबद्दल. हरकतीत ‘आमच्याकडे शिलाई मशीन नाही’ असं चुकूनही लिहू नका. फोटोत ते आहे, आणि एक खोटं सापडलं की बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास उडतो. जे आहे ते लिहा : पडवी घराचाच भाग आहे, जाण्यायेण्याची वाट तिथूनच आहे, पाटी नाही, शटर नाही, वेगळं वीज मीटर नाही, वीजबिल घरगुती दराचं आहे, दुकान म्हणून नोंदणी नाही, जागा भाड्याने दिलेली नाही. घरात बसून दोन-चार ब्लाउज शिवल्याने पडवीचं दुकान होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. सुनावणीत अधिकारी तरीही अडून बसले, तर दुसरी मागणी तयार ठेवा : वाणिज्य धरायचंच तर मशीनपुरता 2 बाय 2 मीटरचा कोपरा धरा, सगळी 18 चौरस मीटर पडवी नको. चार चौरस मीटर कौलारू वाणिज्य किती पडतं ते दरपत्रकात बघून ठेवा. हीच गोष्ट घरी शिकवण्या घेणाऱ्यांना, पापड-लोणची करणाऱ्यांना आणि एका खोलीत संगणकावर काम करणाऱ्यांना लागू. मात्र पडवी उद्या खरंच दुकानाला भाड्याने दिलीत, तर ती वाणिज्यच, आणि तेव्हा भांडायचं कारण उरत नाही.

हरकतीचा अर्ज कसा असावा, यावर थोडा वेळ थांबतो, कारण बहुतेक हरकती इथेच वाया जातात. ‘कर फार आहे, परवडत नाही, सुविधा काही नाहीत’ असं पानभर लिहिलेलं असतं. ते खरंही असेल, पण सुनावणीत त्याचं काही करता येत नाही. अधिकाऱ्याला नोंद बदलता येते. म्हणून नोंदीवरच बोला : ‘मूळ इमारत आरसीसी दाखवली आहे, ती कौलारू आहे’, ‘शेड आरसीसी दाखवली आहे, ती पत्र्याची आहे’, ‘पडवी वाणिज्य दाखवली आहे, ती निवासी आहे’. एका मुद्द्याला एक परिच्छेद, आणि प्रत्येकाला एक फोटो. छपराचा फोटो आतूनही घ्या; वासे, रिपा आणि कौलं एका चौकटीत दिसली की वाद उरत नाही.

त्याआधी एका सुट्टीला गावी जाऊन स्वतः मोजा. 30 मीटरचा फायबर टेप आणा, दोन माणसं लागतात. मापं मीटरमध्येच घ्या, फुटांतून रूपांतर करताना चुका होतात (लागलंच तर 1 चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट). प्रत्येक भाग बाहेरूनही मोजा आणि आतूनही. चिऱ्याच्या भिंती जाड असतात. तुमच्या भिंती 30 सेंटिमीटर असतील, तर बाहेरून 10 बाय 7.8 असलेलं घर आतून 9.4 बाय 7.2 भरतं, म्हणजे 78 ऐवजी 67.68, आणि मधल्या भिंती त्यातून आणखी जातील. दरपत्रकातला दर चटई क्षेत्रावर (भिंती सोडून आतलं) आहे की बांधीव क्षेत्रावर (भिंतींसकट बाहेरचं), हे कार्यालयात विचारून घ्या. चटई क्षेत्राचा दर बाहेरच्या मापाला लावला असेल तर ही चौथी हरकत, आणि बऱ्यापैकी वजनदार. काही कार्यालयं बांधीव क्षेत्रातून ठोक टक्केवारी वजा करतात. ती तुमच्या बाबतीत केली आहे का, तेही बघा. मग साध्या कागदावर आराखडा काढा, प्रत्येक बाजूवर माप, प्रत्येक भागात प्रकार आणि बांधल्याचं वर्ष लिहा. घराचं वय महत्त्वाचं आहे. अनेक दरपत्रकांत जुन्या बांधकामाला घसारा, म्हणजे वयामुळे मिळणारी सूट, असतो, पण वय लिहिलेलं नसेल तर तो लागत नाही.

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्या. सोबत नोटिशीची प्रत, जुन्या करपावत्या, वीजबिल, आराखडा, फोटो. दोन प्रती घेऊन जा आणि एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मुदतीचा वाद निघाला तर तोच एक कागद तुमच्या बाजूने बोलेल. अर्जात तीन गोष्टी मागा : आकारणीच्या हिशेबाचा कागद, आमच्या समक्ष फेरमोजणी, आणि सुनावणीची तारीख लेखी. माहितीच्या अधिकारात अर्ज करून उत्तराची वाट बघत बसू नका. त्याला 10 रुपयांचं तिकीट लागतं, पण उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे आणि तोवर तुमची हरकतीची मुदत उलटून जाईल. आकारणी यादी कार्यालयात पाहायला खुली असते. ती बघताना आपल्या आळीतल्या तशाच कौलारू घरांची नोंद कशी झाली आहे ते टिपून घ्या. एकाच वाडीत एक घर कौलारू आणि त्याला लागून असलेलं आरसीसी, ही तफावत सुनावणीत दाखवता येते.

सुनावणीला तुम्हाला रजा मिळाली नाही तर भावजयीला अधिकारपत्र देऊन पाठवा. घर त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. निर्णय पटला नाही तर अपिलाची वाट आहे. आदेशावर लिहिलेली मुदत पाळावी लागते आणि अपील ऐकून घेण्याआधी रक्कम भरावी लागते. दरम्यान बिल आलं तर ते भरायचं थांबवू नका. नगरपरिषदांत थकबाकीवर दरमहा 2 टक्के लागतात, वर्षाचे 24. ‘हरकत कायम ठेवून भरणा करीत आहे’ असं पत्र देऊन भरा आणि त्याचीही पोच घ्या.

मागच्या खोलीची धास्ती मला कळते, आणि तिथे खोटा दिलासा देणार नाही. विनापरवाना बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती, म्हणजे दंड, लावायची तरतूद कायद्यात आहे, आणि कर किंवा शास्ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही. पण ती खोली आधीच मोजली गेली आहे, तिचा फोटो आहे. हरकत न घेतल्याने ती लपणार नाही, फक्त बाकीच्या चुका कायम होतील. तेव्हा हरकतीत तिचा उल्लेख ‘20 चौरस मीटर, आरसीसी, बांधकाम सुमारे दहा वर्षांपूर्वीचं’ एवढा सरळ करा. परवानगीचा शोध वेगळा चालू ठेवा : वडिलांच्या कागदांत, त्या वेळच्या गवंड्याकडे किंवा इंजिनिअरकडे, आणि नगरपरिषदेच्या बांधकाम विभागातल्या जुन्या नोंदवहीत. सापडली नाही तर स्थानिक वास्तुविशारदाकडून तपासून घ्या की सामासिक अंतरं (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) आणि चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) यांत खोली बसते का. बसत असेल तर प्रशमन शुल्क (तडजोडीची रक्कम) भरून नियमित करून घेण्याचा अर्ज करता येतो. घराच्या हद्दीपासून खोली किती आत आहे, हे टेप हातात आहे तोवर मोजूनच घ्या.

पुणे महापालिका हद्दीतल्या वाचकांसाठी एक टीप, कारण त्यांचीही पत्रं याच सुरात येतात. तिथे स्वतः राहत असलेल्या घराला 40 टक्के सवलत आहे आणि ती पाहणीत ‘भाडेकरू’ किंवा ‘बंद’ अशी नोंद झाली की जाते. त्यासाठी पीटी-3 अर्ज पुराव्यांसह द्यावा लागतो. ग्रामपंचायत हद्दीत रीत निराळी : तिथे नियमांतल्या 2015 च्या दुरुस्तीपासून भांडवली मूल्यावर, म्हणजे भाड्याऐवजी मालमत्तेच्या किमतीवर, आकारणी होते, नोंद नमुना 8 या आकारणी नोंदवहीत असते. पण चुका तिथेही त्याच : बांधकामाचा प्रकार, वापर, वय. आणि नमुना 8 काय किंवा घरपट्टीची पावती काय, तो मालकीचा पुरावा नव्हे. मालकी सातबारा, मिळकत पत्रिका आणि खरेदीखत यांतूनच दिसते.

शेवटी, तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलेली एक गोष्ट. वडील सैन्यातून निवृत्त झाले होते. राज्य सरकारची 2020 पासूनची योजना आहे, माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नी यांना एका घराच्या मालमत्ता करातून माफी मिळते. तुमच्या आई त्यात बसण्याची चांगली शक्यता आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र घेऊन अर्ज नगरपरिषदेत द्यायचा असतो. पण त्यासाठी नगरपरिषदेच्या नोंदीत घर आईंच्या नावावर हवं, आणि तुमची नोटीस अजून वडिलांच्याच नावाने आली आहे. म्हणजे मृत्यू दाखला, वारसांची कागदपत्रं आणि इतर वारसांची संमती जोडून नाव बदलण्याचा अर्ज आधी लागेल. हरकतीचा अर्ज द्यायला जाल, त्याच दिवशी त्याच खिडकीवर या दोन्ही अर्जांचे नमुने मागून घ्या. पेन्शन बुक आणि वडिलांचं डिस्चार्ज बुक आईंच्या ट्रंकेत असेल. निघण्याआधी त्याच्या झेरॉक्स काढून ठेवा.